पाचपैकी साडेतीन : कोल्हापुरातल्या एका दैनिकात सहा आठवडे

माझ्या इंटर्नशिपला पाचपैकी साडेतीन देते. डेस्कला, म्हणजे बातम्या तपासून पानं लावणाऱ्या विभागाला, पैकीच्या पैकी, रिपोर्टिंगला तीन, मानधनाला शून्य आणि जाहिरातींच्या भानगडीसाठी थोडी वजाबाकी. गणित जुळत नसेल तर सोडून द्या, बेरजा करायला आमच्या ऑफिसात वेगळा माणूस होता.

एप्रिल उजाडला की विभागातली पोरं विचारायला लागतात, ‘ताई, तू इंटर्नशिप कुठं केलीस? घेतात का तिथं? रोज जावं लागतं का?’ तिसऱ्या प्रश्नावरूनच कळतं कुणाला काय पाहिजे ते. पत्रकारितेच्या एम.ए.ला पहिल्या वर्षी ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) असते, चार क्रेडिटची, म्हणजे १२० तास. वर्गातल्या बऱ्याच जणांनी ती ओळखीच्या यूट्यूब चॅनेलवाल्याकडून सही-शिक्का आणून उरकली. त्यांना माझ्याइतकेच गुण पडले, काहींना जास्तच. तेव्हा नुसता शिक्का पाहिजे असेल तर इथंच थांबा. सहा आठवडे खरोखर जाऊन बसायची तयारी असेल त्यांच्यासाठी पुढचं लिहिते.

मी गडहिंग्लजची. कोल्हापुरात ओळख कुणाची नाही, म्हणून विभागाचं पत्र घेऊन थेट एका दैनिकाच्या ऑफिसात गेले. दैनिकाचं नाव लिहिणार नाही, कारण पुढं तक्रारी आहेत आणि त्या ऑफिसातली चार माणसं मला अजून दिवाळीला मेसेज करतात. ओळखायच्या भानगडीत पडू नका. वर्गातल्या एकानं छातीठोकपणे ओळखलं आणि तो चुकला.

पहिले तीन दिवस कुणी काही सांगितलंच नाही. विभागानं वेळ दिली होती सकाळी दहा ते पाच. दहा वाजता ऑफिसात कोण असतं? रिसेप्शनच्या ताई, जाहिरात विभाग आणि झाडू मारणाऱ्या मावशी. मी वाचनालयातल्या जुन्या फायली चाळत बसले. चारच्या सुमाराला ऑफिसला जाग यायची, एकेक बातमीदार हेल्मेट काखेत मारून यायचा, फोन वाजायला लागायचे, आणि बरोबर तेव्हा माझी घरी जायची वेळ व्हायची. पेपर तयार होतो संध्याकाळी पाच ते रात्री बारा या वेळात. दहा ते पाच बसणं म्हणजे लग्नघरी सकाळी जाऊन, मांडव बघून, जेवणाच्या पंगतीआधी परत येण्यासारखं आहे. चौथ्या दिवशी मुख्य उपसंपादक सरांना विचारलं, तीन ते अकरा येऊ का? त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून बघितलं. ‘घरी जाणार कशी?’

हा प्रश्न मुलींनी आधीच सोडवून जावा. रात्रपाळीवाल्यांना सोडायला ऑफिसची गाडी असते, पण तिच्या यादीत इंटर्नचं नाव नसतं, आणि अकरा वाजता केएमटीच्या सिटी बसची वाट बघण्यात अर्थ नाही. पुरवणीच्या एक ताई राजारामपुरीतच राहायच्या, माझ्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर. त्यांच्या स्कूटीवर मागं बसून मी सहा आठवडे काढले. त्या रजेवर असल्या की मीही रजेवर. लेखी व्यवस्था विचाराल तर काही नव्हती, आणि माझ्या मते एवढ्यासाठीच अर्धा गुण कापायला हवा.

पहिलं काम मिळालं ते निधनवार्तांचं. तोंडच पडलं माझं. कॉलेजात शोधपत्रकारितेवर वीस पानी असाइनमेंट लिहिलेली, आणि इथं हातात आलं ‘यांचे वृद्धापकाळाने निधन झाले’. कोल्हापुरात पेपर आला की कितीतरी माणसं आधी हेच पान उघडतात, कारण रक्षाविसर्जन कधी आहे ते कळायला हवं. गावाकडनं माणसं निघायची असतात, पहाटेची एसटी धरायची असते. राजकारणाच्या पानावर एखाद्या मंत्र्याचं खातं चुकलं तर दुसऱ्या दिवशी खुलाशावर भागतं. रक्षाविसर्जन रविवारऐवजी सोमवारी छापलं तर पन्नास माणसं रिकाम्या स्मशानात जाऊन उभी राहतात.

मजकूर व्हॉट्सॲपवर येतो, बहुतेक वेळा भाच्यानं नाहीतर शेजाऱ्यानं पाठवलेला. त्यात वय दोन ठिकाणी दोन, आणि ‘पश्चात’मध्ये हमखास कुणीतरी राहिलेलं. म्हणून प्रत्येक घरी फोन करायचा असा डेस्कचा नियम होता. पहिला फोन लावला. ‘नमस्कार, पेपरातून बोलते, तुमच्या वडिलांच्या बातमीसाठी...’ एवढं म्हटलं तर पलीकडे एक बाई रडायलाच लागल्या. मी घाबरून फोन ठेवून दिला. शेजारी मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफं तपासणारे, काका बसायचे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

‘ठेवलीस व्हय? रडू द्यायचं त्यांना. आपण थांबायचं. मग आधी वय विचार. वय सांगताना माणूस हिशेबाला लागतो, जरा सावरतो.’

परत लावला. थांबले. मग वय विचारलं. ‘शहात्तर,’ त्या म्हणाल्या, ‘नाही, थांबा हं, सत्त्याहत्तरावं लागलं होतं की, चैत्रातला जन्म त्यांचा.’ आणि पुढचं सगळं, सुनांच्या नावांपासून घाटावरच्या वेळेपर्यंत, नीट सांगितलं. त्यानंतर दोन आठवडे मी रोज आठ-दहा घरांशी बोलत होते. मुलाखत कशी घ्यावी यावर आम्हाला एक अख्खा पेपर होता. त्यात थांबायचं कसं हे कुठं नव्हतं.

एकदा एकाच गृहस्थांच्या निधनाचे दोन मजकूर आले, दोन वेगवेगळ्या नंबरांवरून. नाव तेच, पत्ता तोच, पत्नी वेगळ्या. दोन्ही बाजूंना फोन केला, दोन्ही बाजू ठाम. मी काकांकडे बघितलं. त्यांनी दोन्ही प्रिंट शेजारी-शेजारी ठेवल्या, लाल पेन काढलं आणि लिहिलं, ‘त्यांच्या पश्चात मुले, मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ दुसऱ्या दिवशी दोन्हीकडून तक्रारीचा फोन आला नाही.

या काकांविषयी जरा जास्त लिहिते, कारण साडेतीनपैकी दोन गुण त्यांचेच आहेत. आता कितीतरी दैनिकांत मुद्रितशोधक हे पदच राहिलेलं नाही, उपसंपादकानंच पान लावायचं, त्यानंच वाचायचं. आमच्याकडे एक उरले होते. पानं अजून जुन्या फॉन्टवर लागायची आणि बातमीदार मोबाईलवर युनिकोडमध्ये लिहून पाठवायचे. मधे कन्व्हर्टर. त्या कन्व्हर्टरचं आणि ‘ऱ्या’चं काय वैर होतं देव जाणे, ‘शेतकऱ्यांना’चं दर वेळी ‘शेतकर्यांना’ व्हायचं. काका ते रोज दुरुस्त करायचे, रोज तेवढ्याच निगुतीनं, जणू आजच पहिल्यांदा दिसलंय. ‘पोलीस’ दीर्घ की ‘पोलिस’ ऱ्हस्व यावर त्यांचं आणि सरांचं जुनं भांडण होतं. पानावर सरांचं चालायचं, चहाच्या टपरीवर काकांचं.

त्यांची खरी धार मात्र गुन्ह्याच्या बातम्यांवर चालायची. मी एका बातमीत पकडलेल्या माणसाला ‘आरोपी’ लिहिलं आणि शीर्षकात ‘चोरट्याला अटक’ असं ठोकून दिलं. काकांनी ‘चोरट्याला’वर रेघ मारली. ‘कोर्टानं सांगितलं का तुला? संशयित लिही. सुटला तर त्याला हा पेपर घेऊन गावात फिरायचंय.’ दुसरी गोष्ट त्याहून मोठी. अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराची बातमी आली होती. मी हुशारी करून मुलीचं नाव काढलं आणि पान पुढं सरकवलं. सरांनी मला बोलावलं आणि बातमी मोठ्यानं वाचायला लावली. गावाचं नाव होतं. संशयित मुलीचा कोण लागतो ते होतं. मुलीच्या वडिलांचा धंदा होता, आणि तो धंदा करणारा त्या गावात एकच माणूस असणार. ‘नाव कुठं काढलंस मग?’ पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम २३ मध्ये नावाबरोबर पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार यातलं ओळख पटवणारं काहीही छापायला मनाई आहे. हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं, चारपैकी चार मिळाले होते. बातमी शेवटी सात ओळींची झाली, तालुक्याच्या नावावर. आत्महत्येच्या बातम्यांचंही तसंच. प्रेस कौन्सिलनं २०१९ साली सांगून ठेवलंय की त्या ठळक जागी लावू नका, कसं केलं ते सविस्तर लिहू नका. आमच्या डेस्कवर ते पाळायचे. वेबसाइटच्या विभागात, तीन खुर्च्या पलीकडे, पाळत नव्हते. मी तिथं तीनच दिवस काढले. रोज बारा बातम्या टाकायच्या आणि प्रत्येक शीर्षकात काहीतरी लपवून ठेवायचं. एका मुलानं ‘पंचगंगेच्या पाणी पातळीबाबत मोठी अपडेट’ असं शीर्षक दिलेलं बघितलं आणि मी परत डेस्कवर पळाले. अरे, पातळी किती ते लिही की!

पाण्याची चौकट, म्हणजे नदीच्या पातळीचे आकडे देणारी पावसाळ्यातली रोजची चौकट, मला मिळाली ती यातूनच. जुलैचा दुसरा आठवडा, चार दिवस सूर्य दिसला नव्हता. बाहेरच्यांसाठी सांगते: कोल्हापुरात पंचगंगेची पातळी मोजतात राजाराम बंधाऱ्यावर. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. सगळं फूट-इंचात. शाळेत आम्ही मीटर-सेंटिमीटर शिकलो, पंचगंगा मात्र अजून फूट-इंचातच चढते आणि उतरते. २०१९ च्या महापुरात ती ५५ फुटांच्या वर गेली होती, त्यामुळे पावसाळ्यात इथल्या शेंबड्या पोराला विचारा, आजचा आकडा सांगेल. चौकटीत बंधाऱ्याची पातळी, पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची संख्या, बंद रस्ते आणि राधानगरीचा विसर्ग द्यायचा. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की ते आपोआप उघडतात, आणि एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. रात्री दोन वाजता उघडले तर ते कुणाला विचारून उघडत नाहीत आणि तोवर आमचं पान गेलेलं असतं.

आमच्याकडे गडहिंग्लजला हिरण्यकेशी. तिचा पूर मी बघितलेला, पण कोल्हापूरची पुराची भाषा मला येत नव्हती. एका संध्याकाळी सरांनी शीर्षक दिलं, ‘रेडेडोह फुटला’. मला वाटलं धरण वगैरे फुटलं. मी एकटीच दचकले, बाकी सगळे शांतपणे वडापाव खात होते. नदीचं पाणी पात्र सोडून पन्हाळा रस्त्याच्या अंगाला पसरायला लागलं की इथं असं म्हणतात. चार शब्दही जास्त न लिहिता वाचकाला कळतं की तो रस्ता आता बंद, जनावरं हलवा. सुतारवाड्यातली कुटुंबं चित्रदुर्ग मठात गेली असं छापलं की शहराला कळतं पाणी कुठवर आलं. या चौकटीत एक विशेषण नसतं, आणि तरी त्या दिवसांत पहिल्या पानावर तिच्याइतकं वाचलं जाणारं दुसरं काही नसतं.

आता चूक सांगते. एका संध्याकाळी कंट्रोल रूमचा मेसेज आला, ३८ फूट १० इंच. मी चौकट लावली, तर ती एका ओळीनं लांब होत होती. खाली जाहिरात, ती हलत नाही. मग मी कात्री लावायला ओळ शोधली आणि ‘सायंकाळी सात वाजेपर्यंत’ ही ओळ मला फुकटची वाटली. काढली. चौकट घट्ट बसली. शहर आवृत्तीचं पान साडेअकराला सुटलं आणि मी स्कूटीवर मागं बसून, रेनकोटमध्ये, खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ऑफिसात पाय ठेवला तर रिसेप्शनच्या ताईंनी चिठ्ठी हातात ठेवली. ‘सकाळपासनं तीनदा फोन आलाय. पाण्याचं कोण लिवतंय म्हणून.’ नंबर लावला. प्रयाग चिखलीचे एक शेतकरी होते.

‘म्याडम, अडतीस फूट धा इंच छापलासा. कवाचं हाय ते?’

‘काल संध्याकाळी सातचं, काका.’

‘मग तसं लिवायचं की ओ. आमी वाचलं सकाळी सातला. म्हटलं अजून दोन इंच हाय इशाऱ्याला, दूध काढून मग हलवू जनावरं. भाईर आलो तर पाणी रस्त्यावर.’

जनावरं निघाली का, एवढंच मला विचारता आलं.

‘निघाली की. सोनतळीला बांधल्यात. एक रेडकू तेवढं खांद्यावर घ्यायला लागलं.’ आणि मग, ‘ऱ्हाऊ दे, रडू नका. उद्यापास्नं येळ लिवा.’

रडत नव्हते मी. आवाज तसा लागला असेल.

आकडा बरोबर होता, कंट्रोल रूमशी इंचाइंचानं जुळत होता. सरांना जाऊन सांगितलं. मला वाटलं आता चौकट काढून घेतील. त्यांनी पान लावणाऱ्या दादांना हाक मारली आणि चौकटीचा साचाच बदलून घेतला. वेळ आतल्या मजकुरातून काढली आणि वरच्या काळ्या पट्टीत, ‘पंचगंगा’च्या शेजारी घातली. ‘आता कुणी इंटर्न आला तरी कापणार नाही,’ म्हणाले. एवढीच शिक्षा.

त्या आठवड्यात फोटोग्राफर दादांबरोबर कसबा बावड्याला जाऊन राजाराम बंधारा बघून आले. इतके दिवस जो आकडा मी नुसता टाइप करत होते तो तिथं गढूळ पाण्यात, ओंडके आणि जलपर्णी वाहून नेताना दिसत होता. तिथनं चिखलीच्या रस्त्याला जाता येईल तिथवर गेलो, मग सोनतळीला. दावणी, ओली वैरण, ट्रॅक्टरमध्ये भरलेली भांडी. एक आजी मला सांगत होत्या की म्हैस नव्या जागी पहिले दोन दिवस दूध चोरते. मी बातमी लिहिली, साडेचारशे शब्दांची, पहिल्यांदाच सगळी माझी. सरांनी शंभर शब्द काढले. दूध चोरणारी म्हैस शेवटून उचलून पहिल्या वाक्यात आणली. बातमी आतल्या पानावर वरच्या बाजूला लागली, पाच कॉलम, फोटोसह. फोटोखाली फोटोग्राफर दादांचं नाव. बातमीवर ‘प्रतिनिधी’.

इथं माझी तक्रार आहे. इंटर्नला बायलाइन, म्हणजे बातमीवर नाव, द्यायची नाही असा त्यांचा नियम. असू दे, पण मग तो पहिल्या दिवशी सांगा. विभागाच्या लॉगबुकात ‘विद्यार्थ्याच्या नावे प्रसिद्ध झालेला मजकूर’ असा रकाना आहे आणि त्याला गुण आहेत. यूट्यूबवाल्यांकडं गेलेल्यांची नावं पाच-पाच ठिकाणी होती, माझ्याकडं एकाही नाही. शेवटी मी प्रत्येक कात्रण कागदावर चिकटवून त्याखाली सरांची सही आणि तारीख घेतली. तुम्ही हे पहिल्या आठवड्यापासून करा. सहाव्या आठवड्यात चाळीस कात्रणं घेऊन कुणाच्या टेबलाशी उभं राहणं बरं दिसत नाही, तेही पान सुटायच्या वेळी.

रिपोर्टिंगचं थोडक्यात उरकते, कारण मिळालंच थोडकं. बातमीदार तुम्हाला बरोबर नेणार की नाही हे त्यांच्या गाडीची मागची सीट रिकामी आहे का यावर ठरतं. मला चार पत्रकार परिषदा, दोनदा सीपीआर (इथलं सरकारी रुग्णालय) आणि महापालिकेची एक सभा मिळाली. पत्रकार परिषदेत प्रेसनोट हातात, चहा-बिस्कीट समोर, प्रश्न दोन. परत येऊन तीच नोट थोडी उलटीपालटी करून टाइप करायची. सीपीआरमध्ये मात्र एका जुन्या बातमीदारानं शिकवलं की अपघात विभागात आधी वॉर्डबॉयशी बोलावं, मग नातेवाइकांशी, आणि डॉक्टरांशी सगळ्यात शेवटी, तेही त्यांच्या हातातलं काम संपल्यावर. तीन गुण त्याचेच.

आता जाहिराती. दैनिकाचा वर्धापनदिन जवळ आला तशी जाहिरात विभागानं आम्हा तिघा इंटर्नना बोलावलं. प्रत्येकानं पुरवणीसाठी किमान तीन जाहिराती आणायच्या. गावाकडं ओळखी असतीलच ना, काजू कारखाना, पतसंस्था, एखादा नगरसेवक? मी म्हटलं मी पत्रकारितेच्या इंटर्नशिपला आलेय. उत्तर आलं, ‘पगार कुठनं निघतो वाटतं तुला?’ प्रश्न खोटा नाही, हे मला कळतं. पेपर पैशावर चालतो हे याच मातीत घडलेल्या गोष्टीवरून आम्ही शिकलोय. १९२० साली डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढला तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. पण म्हणून वीस वर्षांच्या पोरीनं मामाच्या पतसंस्थेची जाहिरात आणायची, आणि उद्या त्याच पतसंस्थेच्या ठेवीदारांनी मोर्चा काढला तर ती बातमी तिनंच लिहायची का? मी एकही आणली नाही. बरोबरच्या एका मुलानं पाच आणल्या. त्याला प्रमाणपत्र आठ दिवस आधी मिळालं. सरांना हा प्रकार ठाऊक होता का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मानधन नाही. प्रवासभत्ता नाही. खोली, मेस, येणं-जाणं धरून माझे सहा आठवड्यांत साडेआठ हजार गेले, ते आईनं दूध डेअरीच्या बिलातून पाठवले. रात्री नऊला डेस्कवर भडंग निघायचं, त्यात कांदा-कोथिंबीर चिरून टाकायचं काम माझ्याकडं आलं होतं, त्यामुळे जेवण अर्धं वाचायचं. काही ठिकाणी इंटर्नला थोडंफार देतात, तेव्हा विचारायला लाजू नका. मी लाजले.

प्रमाणपत्राची गंमत राहिलीच. शेवटच्या दिवशी मनुष्यबळ विभागातून कागद आला, छान जाड, सोनेरी कड. मी तो काकांना दाखवायला नेला. त्यांनी सवयीनं लाल पेनाचं टोपण काढलं. ‘वृतपत्र क्षेत्रातील प्रशिक्षण’ असं छापलं होतं, एकाच ‘त’चं. काकांनी त्या सोनेरी कडेच्या कागदावर खूण केली, समासात ‘त्त’ लिहिलं आणि परत पाठवून दिला. दुसरा कागद यायला चार दिवस लागले. पहिला अजून माझ्याकडं आहे, फाइलमध्ये मी तोच वर ठेवलाय.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. त्यांनी विचारलं, ‘दर्पण’ कधी सुरू झालं? ६ जानेवारी १८३२ म्हटलं. संपादक? बाळशास्त्री जांभेकर. बरं, या. चाळीस सह्यांचं लॉगबुक त्यांच्या कोपराखाली मिटलेलं होतं, ते तसंच राहिलं. याचे गुण दैनिकाचे कापत नाही, ती आमच्या विभागाची करणी.

तर जायचं असेल तर जूनच्या शेवटी जा, पावसात डेस्कला हात कमी पडतात आणि नवख्यालाही काम देतात. तीन ते अकरा मागून घ्या. इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी कीबोर्डवरचं, टायपिंग शिकून जा, फोनवर बोलून टाइप करणाऱ्याकडे डेस्क फार वेळ बघत नाही. मुद्रितशोधक असलेलं दैनिक सापडलं तर त्यांच्या शेजारची खुर्ची पकडा, मोडकी असली तरी. जाहिरातीचं पहिल्याच दिवशी विचारा आणि उत्तर ऐकून ठरवा.

मी सध्या पुण्यात एका संस्थेच्या जनसंपर्क विभागात आहे, पगार बरा आहे. पाऊस सुरू झाला की सकाळी उठून आधी त्या दैनिकाचं ई-पेपर उघडते. सर बदलून गेले, काका निवृत्त झाले. चौकट तशीच आहे. काळ्या पट्टीत ‘पंचगंगा’, शेजारी ‘सायं. ७ वा.’, खाली कालचा आकडा, ३१ फूट ४ इंच.